शिक्क्याखालचं साल

पाहुणे चाकणच्या तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले होते. एरवी त्या चौकाला शिव्या घालणारी मी, त्या दिवशी त्याच्याच भरवशावर होते.

मी कंपनीत दुभाषी आहे. मशीन चिनी, ऑपरेटर मराठी, मधे मी. चिनी पार्टनर कंपनीच्या चेअरमनबाई पहिल्यांदाच प्लांट बघायला येणार होत्या. त्यांच्या आजोबांनी ती कंपनी काढली. ते सरकारी स्कॉलरशिपवर जर्मनीत शिकलेले. आमच्या जाधव साहेबांनी रिसेप्शनला त्या आजोबांच्या माहितीचा बोर्ड लावायला सांगितला. कामगारांनाही वाचता यावा म्हणून मराठीत. वर त्यांच्या स्कॉलरशिपच्या प्रमाणपत्राची प्रत, तिच्यावर त्यांचा तेव्हाचा फोटो, आणि खाली माझं भाषांतर: 'वयाच्या अकराव्या वर्षी परदेशी.'

स्क्रू आवळता आवळता मेंटेनन्सचे दत्ताभाऊ म्हणाले, "मॅडम, अकरा वर्साचं पोरगं हाय ना हे? मग मिशी कशी?"

मी पुन्हा प्रमाणपत्राकडे पाहिलं. त्यावर 'अठरा साल' होतं. त्याच्या आधीची अक्षरं लाल शिक्क्याखाली गेलेली. मी १९१८ धरलं. जन्म १९०७चा, म्हणजे वय अकरा. शंका आली होती, पण चीनच्या बादशाही सरकारनं एके काळी बारा-तेरा वर्षांची मुलं अमेरिकेला शिकायला पाठवल्याचं वाचलं होतं. अर्धवट ज्ञान नडलं. बादशाही गेल्यावर तिथं प्रजासत्ताकाची वर्षं मोजायचे. पहिलं १९१२, म्हणजे अठरावं १९२९. शके वाचून इसवी सन समजावं, तशी चूक. आणि माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं.

जाधव साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बोर्ड मराठीत आहे. बाईंना काय कळणार?"

"आपली माणसं रोज वाचणार, सर."

"मग चिकटवा काहीतरी. पण विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं."

'बाविसाव्या' अशी पट्टी चिकटवली. तिची कड सारखी सुटत होती. अंगठ्यानं दाबून धरली होती, तेवढ्यात गाड्या आल्या.

बाई थेट बोर्डापाशी आल्या. पट्टीवर बोट ठेवून त्यांनी मला चिनीत विचारलं, "याच्याखाली काय आहे?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. थाप सुचत होती, चिनीतसुद्धा सुचत होती. पण त्यांच्या बोटाखाली पट्टीची कड पुन्हा सुटली. खरं ते सांगून टाकलं.

बाईंनी फोटोतल्या मिशीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मिशी त्यांनी मुद्दाम वाढवली होती. निवड करणाऱ्यांनी पोरगेला म्हणून परत पाठवू नये म्हणून."

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. पट्टी अजून तिथंच आहे, बाईंनीच काढू दिली नाही. हल्ली जुना कागद आला की मी आधी दत्ताभाऊंना दाखवते. त्यांना चिनी वाचता येत नाही, म्हणून ते नीट बघतात.