आधी पद्मजाताईंना विचारा

पुसदला आमच्या शेजारी राहणाऱ्या पद्मजाताईंनी कारकून नवरा गेल्यावर दोन मुलं एकटीने वाढवली. थोरला पियूष एजन्सीमार्फत रशियात डॉक्टरकी शिकायला गेला आणि ताईंचं घर चौकशीचं ठिकाण झालं. कापसाच्या शेतीने सगळा जिल्हा कर्जात बुडवलेला. ज्याला त्याला पोरांना इथून बाहेर काढायची घाई. एजन्सीची पत्रकं वाचतो कोण? आधी गेलेल्या मुलाच्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि ठरवायचं.

२००६ च्या जुलैत नेरहून जफरभाई आले, मुलगी फरहाना सोबत. ते कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगची यंत्रं दुरुस्त करायचे, आणि जिनिंगच बंद पडलं होतं. फरहानाला यवतमाळला डी.एड.ची जागा मिळत होती. ती सोडायची की नाही, एवढंच ठरवायचं होतं.

"ताई, एजंट त गोडच बोलते. तुमी घरचे मानसं. पाठवू का पोरीले?"

फरहानाने प्रश्न लिहून आणलेली वही उघडली. "काकू, दादाची मार्कशीट पाह्यले भेटन का?"

"गप! घरच्या मानसाले कागद मागतेत काय?" जफरभाईंनी वही मिटवली.

मार्कशीट नव्हतीच. सुरुवातीच्या रशियन भाषेच्या वर्गापुढे पियूषचं कॉलेज सरकलंच नव्हतं. तो हॉटेलात भांडी घासत होता. मला ठाऊक होतं, ताई माझ्यासमोरच रडल्या होत्या. पण धाकट्या गौरीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं, आणि भाऊ डॉक्टर होतोय म्हणूनच ती सोयरीक जमली होती.

"पाठवा," ताई म्हणाल्या. "पियूष आहे न तिथं." दोघं निघताना फरहानाजवळ त्याच्यासाठी लोणच्याची बरणीही दिली.

मी मुकाट्याने चहा पीत राहिलो. एजंटाचा मला राग नाही, तो विकायलाच बसला होता. राग ताईंचा येतो, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

पुढच्या वर्षी फरहाना परतली. डी.एड. गेलं, डॉक्टरकीही नाही. ती एकटीच ताईंकडे आली, तेव्हा मी तिथेच होतो. धुतलेली बरणी तिने ओट्यावर ठेवली.

"दादानं देल्ली. म्हने, आईले सांग, आता कोनाले पाठवू नको."

बरणी कोरडी होती, तरी ताई पदराने पुसत राहिल्या. पुसता पुसताच म्हणाल्या, "जेवतो का गं तो नीट?"

"जेवते, काकू. मी बी त्याच हॉटेलात भांडे घासत होती. संगंच जेवत होतो."