सोडलेली घोळ

आमची मासेवाली माशाच्या पोटावर अंगठा ठेवायची आणि पोट भरलेलं लागलं की थांबायची. मग तो मासा गिऱ्हाइकाने पसंत केलेला असो, नाहीतर पिशवीत पडलेला असो, ती सरळ उचलून पाटीतल्या ओल्या फडक्याखाली सारायची.

"हिला ऱ्हाऊ दे. पोटुशी हाय."

नालासोपाऱ्याला पश्चिमेकडे, गासच्या बाजूला राहणाऱ्या तुमच्यापैकी काहींनी तिला नक्की पाहिलं असेल. कळंबहून सकाळच्या बसने यायची आणि आमच्या सोसायटीच्या पहिल्या जिन्यावर पाटी उतरवायची. मासे विकणाऱ्या बायका दोन गोड शब्द बोलून गिऱ्हाईक बांधून ठेवतात. हिचं सगळंच उलटं. कोयत्यावर मासा कापतानाही एक गुडघा उभाच असायचा, कोणी हाक मारली तर लगेच निघता यावं म्हणून. आमच्याकडे तिने पाणी प्यायलं तेही कायम दारात उभं राहून. तिचं ते सारखं निघण्याच्या बेतात असणं बघून मलाच धाप लागायची.

मी कामणच्या एका गोदामात सुपरवायझर. मूळचे आम्ही देवगडकडचे. तव्यावर गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, चुरचुरायला लागली की मी हातातलं काम टाकून ताट घेऊन बसतो, ही माझी ख्याती बायकोच्या माहेरापर्यंत पोचलेली आहे. आणि नेमकी गाबोळीची मासळी ही बाई विकायची नाही. वाट्यात चुकून आलीच तर परत घरी न्यायची. तळहाताहून लहान पापलेटालाही हात लावायची नाही. आमचं भांडण ठरलेलं होतं.

"मावशी, अहो मासा मेलेला आहे. तुम्ही मला दिला नाही म्हणून तो आता जिवंत होणार आहे का?"

"ती नाय व्हनार. पन तुमी मागता म्हनून होडीवाला आनतो. उद्या तुमी नाय मागितली, तर तो कशाला आनील?"

"मी एकट्याने न मागून काय फरक पडणार आहे?"

"मीबी एकटीच हाय," असं म्हणून पाटी डोक्यावर चढवायची.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा स्टेशनजवळच्या बाजारातून गुपचूप गाबोळी आणली, दारंखिडक्या लावून तळली. ही जिन्यावर नाक वर करून उभी. "तिसऱ्यावर भिंगीची गाबोळी हाय," एवढंच म्हणाली. मग दोन आठवडे त्या दारासमोर पाटी थांबली नाही. शेवटी बाई स्वतः खाली आल्या आणि मुकाट्याने बोंबील घेऊन गेल्या. मी खूप हसलो. माझीही पाळी येणार आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

हे सगळं कुठून आलं असं कोणी विचारलं, की ती एक गोष्ट सांगायची. तिच्या बापाने हंगामाच्या शेवटी एक घोळ धरली होती, पुरुषभर लांबीची मासळी. दुपारपर्यंत ओढून ओढून हात सोलवटले. होडीशी आणली, पोटावर हात ठेवला, तर पोट गच्च भरलेलं. बापाने जाळं सैल केलं आणि म्हणाला, "जा बाय, बाळंत हो." घोळ गेली.

ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. ती मात्र कोणाच्या डोळ्यांकडे न बघता, दरवेळी त्याच शब्दांत, भराभर बोलून मोकळी व्हायची. हे मला खटकलं होतं. पण खटकलेल्या गोष्टीचा पाठपुरावा करण्याची अक्कल मला नेहमी उशिरा येते.

एका वर्षी सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. मी म्हटलं, मावशी, तुमच्या वडिलांची गोष्ट छापतो.

"लिवू नका."

"का हो?"

"कागदावर नको."

मला वाटलं, लाजते बिचारी. गोष्ट लिहून काढली. पदरचा एक सूर्यास्तही त्यात घातला. मग वाटलं, वडिलांचा फोटो हवा. विचारलं तर नाही म्हणेल, म्हणून एका रविवारी न सांगताच स्कूटर काढली आणि कळंब गाठलं.

सुट्टीवाल्यांच्या कॉटेजींच्या मागे तिचं घर. अंगणात बोंबील वाळत टाकलेले, कडेला एकच माड, पण असा भरलेला की नारळांचे घड एकमेकांवर चढलेले. ओटीवर एक म्हातारी बसली होती. ती तिची आई. बाप गेल्यापासून आई लेकीकडेच होती. माझ्या हातातले कागद बघितले मात्र, आमच्या मावशी ओल्या हातांनी धावत आल्या आणि दंडाला धरून मला माडापाशी घेऊन गेल्या.

"ती गोष्ट आयच्या पुढ्यात काढू नका."

"का? काय झालं?"

ती सारखी ओटीकडे वळून बघत होती. हात पदराला पुसत होती, पुन्हा पुसत होती. मग हलक्या आवाजात, गडबडीने बोलायला लागली.

"बानं सोडली नाय घोळ. किनाऱ्यावर आनली तवा जित्ती व्हती. आय पोटुशी व्हती, तिला सातवा लागलेला. ती गुडघाभर पान्यात उभी ऱ्हाऊन सांगत व्हती, सोड तिला, जीव हाय अजून. बा म्हनला, येडी झालीस काय. तिथंच वाळूत फाडली. टोपलीभर गाबोळी निघाली. सगळ्या आळीनं खाल्ली. मी नऊ वर्साची व्हते, मीबी खाल्ली. लई गोड लागली, भाऊ."

ती थांबली. ओटीकडे एकदा बघून घेतलं.

"त्याच पावसात आयला मुलगा झाला, तो मेलेला. डाक्टर म्हनला, असं व्हतं कधी कधी. आयनं बाला एक शबूद इचारला नाय. शिव्या घातल्या असत्या तर तो सुटला असता. मंग दोन-तीन वर्सांनी बा सांगायला लागला, मी घोळ सोडली म्हनून. आधी आमा पोरांना, मंग गावात. ज्यांनी खाल्ली व्हती त्यांनीबी माना डोलावल्या. कोन बोलनार?"

"आणि आई?"

"तो सांगायला लागला की आय उठून हिरीवर जायची. मरेस्तोवर त्यानं सांगितली, मरेस्तोवर ती उठून गेली. आता तिला उठवत नाय, भाऊ. तुमी काढलीत तर ती जाईल कुठं?"

माझ्या हातातले कागद मला जड झाले. त्यातल्या सूर्यास्ताची तर शरम वाटली. मी विचारलं, "मग तुम्ही का सांगता?"

"बा खोटं बोलला. मेला तवा तेच खोटं बोलत मेला. मंग ते खरं कुनी करायचं?" असं म्हणून तिने माडाच्या बुडाकडे बघितलं. तिथली माती नुकतीच उकरून सारखी केलेली होती. फडक्याखालची मासळी कुठे जाते ते मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात ओटीवरून हाक आली. "कोन आलाय गो?"

"शोशायटीतले भाऊ हायेत, आय. चाललेत."

"चाललेत कशाला? बस रे बाबा."

बसावं लागलं. कागद मी मांडीखाली सरकवले, पण म्हाताऱ्या माणसांना नको ते बरोबर दिसतं. "काय लिवलंय?" तिने विचारलं.

मला खोटं नीट बोलता येत नाही. "काही नाही, आजी. असंच, माशांबद्दल."

"घोळीचं?"

मावशी पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात आल्या होत्या, तिथेच थांबल्या. म्हातारी माडाकडे बघत राहिली. मी मनातल्या मनात स्वतःला दहा शिव्या घातल्या.

"सोडली म्हनून लिव," म्हातारी म्हणाली.

"आय..."

"तू गप. मला काय दिसत नाय? फडक्यात बांधून आनते नि ह्या माडाच्या बुडात घालते. कधीपासून बघते मी. माज्या मानसानं नाय सोडली, पोरीनं सोडली. ह्या घरातनं सुटली ना? मंग लिव."

मावशी तांब्या खाली ठेवून आत निघून गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी पाणी न पिताच निघालो.

स्मरणिकेत मी ती गोष्ट छापली नाही. एक म्हणते लिहू नका, एक म्हणते लिही. माझ्यासारख्याने काय करायचं? त्या पानावर कार्यकारिणीचं मनोगत गेलं, ते कोणी वाचलं नाही. आज लिहितोय खरा, पण नाव गाळलं आहे. तेवढं तरी तिचं ऐकायला हवं.

त्याच थंडीत म्हातारी गेली. मावशी पुढे काही महिने आल्या. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि पहिला जिना रिकामा राहायला लागला. आणि मी? मी स्टेशनच्या बाजारातून गाबोळी आणायला लागलो. सांगायला लाज वाटते, पण पहिल्या आठवड्यातच.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी बेल वाजली. दारात मावशी, पाटी नाही, हातात पिशवी. पिशवीत दोन नारळ. "माडाचे हायेत," म्हणाल्या. घर पुतण्याला देऊन लेकीकडे डहाणूला राहायला चालल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या आमच्या खुर्चीवर बसल्या. खुर्चीत त्या फार लहान दिसल्या, मला ते बघवेना.

"आता मासळी कोनाकडनं घेता?"

"बाजारातून," मी म्हटलं. आणि कोणी विचारलेलं नसताना पुढे बोललो, "पोटुशी मात्र घेत नाही हो."

आत ओट्यावर बायकोने गाबोळीला मसाला लावून ठेवला होता. तव्यावर अजून पडली नव्हती, पण त्या नाकाला तव्याची गरज नव्हती. मावशींनी मान किंचित वर केली, स्वयंपाकघराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बरं केलंत, भाऊ," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

गेटपर्यंत पोचवून परत आलो. जेवायला बसवेना. बायकोला म्हटलं, ते गाबोळीचं भांडं दे. तिने माझ्याकडे बघितलं आणि दिलं. आमच्या आवारात माड नाही, एक बदामाचं झाड आहे. त्याच्या बुडाशी मी पोराच्या जुन्या खेळण्यातल्या खुरप्याने खड्डा करत बसलो. नवा वॉचमन धावत आला.

"साब, क्या गाड़ रहे हो?"

"मछली छोड़ रहा हूँ," मी म्हटलं, आणि वरून माती सारखी केली.