युअर मॅन

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर नाकात जाईल. आता काय सांगू तुम्हाला, डब्लिनमध्ये नवऱ्याला शोधायला मी स्टेजच्या पडद्यामागे शिरले होते. आणि नवरा कुठे? पुण्यात!

डब्लिनच्या टॅला भागात येऊन मला दीडच महिना झाला होता. नवऱ्याचा, अजिंक्यचा, व्हिसा अडकलेला. ऑफिसातून आलं की घरात बोलायला कोणी नाही. कुकरची शिट्टी झाली तरी 'आले गं' म्हणायचे मी. मग भिंतीपलीकडून शेजारच्या नोरीनच्या घरातलं गाणं ऐकू यायचं. जुनं कंट्री, प्रेमाचं, दोघांनी म्हणायचं. तो विचारतो, ती उत्तर देते, शेवटची ओळ दोघं एकदम. शब्द अगदी साधे. कधी येशील, वाट बघतेय, असलेच. भांडी घासताना तिच्या ओळी मी म्हणायचे, त्याच्या भिंतीतून यायच्या. तेवढा वेळ घरात दोघं आहोत असं वाटायचं हो!

एके दिवशी नोरीन दारात हजर. सत्तरीची बाई, पण उत्साह दांडगा.

"रोज ऐकते मी तुझं, लव्ह. शनिवारी चारला चर्चच्या हॉलमध्ये ये. युअर मॅन येतोय! तुझ्याबरोबर तेच गाणं म्हणेल."

युअर मॅन! म्हणजे माझा माणूस! दुसरा कोण असणार?

त्यात आदल्याच दिवशी अजिंक्य म्हणाला होता, "शनिवारी फोन करू नकोस, बिझी आहे." बघा, जुळतंय की नाही? अडचण एकच. अजिंक्य आणि गाणार? हा आरतीतसुद्धा नुसते ओठ हलवतो! पण माझ्यासाठी शिकला असेल, या विचारानेच माझे डोळे भरले.

शनिवारी मी लग्नातली हिरवी साडी नेसले, वरून हा जाडा कोट, हातात भरल्या वांग्यांचा डबा. हॉलमध्ये नोरीनने स्टेजकडे बोट दाखवलं. "तो बघ, युअर मॅन!"

स्टेजवर हॅट घातलेला एक म्हातारा गिटार जुळवत बसला होता. म्हटलं, आमचे हे मागे लपलेत! शिरले पडद्यामागे. तिथे खुर्च्यांची थप्पी आणि एक मोडका झाडू.

सासूबाईंना फोन लावला. "आई, आता लपवू नका. अजिंक्य इथे आलाय ना?"

"अगं, तो इथे मॅच बघतोय," आई म्हणाल्या. मग आवाज बारीक करून, "तिकडे कोण आलाय?"

काय सांगणार! नोरीनला विचारलं, माझा नवरा कुठंय, तेव्हा कळलं की आयर्लंडमध्ये युअर मॅन म्हणजे नुसता 'तो गृहस्थ'. कुणीही! पोस्टमनसुद्धा!

पळून जाणार होते. पण म्हातारा, मार्टिन त्याचं नाव, खाली आला आणि म्हणाला, "बायको गेल्यापासून माझं गाणं अर्धंच राहतं. म्हणशील?"

म्हटलं. त्याने विचारलं, मी उत्तर दिलं. शेवटच्या ओळीला मला रडूच कोसळलं. लोकांना वाटलं, काय भाव ओततेय पोरगी! टाळ्याच टाळ्या. डबा मार्टिनला देऊन टाकला आणि घरी येऊन मी ब्रेड खाल्ला.

त्या संध्याकाळी भिंत गप्प होती. नोरीन हॉलवरून यायची होती. शेवटची ओळ एकटीने म्हणून बघितली, जमली नाही.

सोमवारी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना नोरीन भेटली. हळूच म्हणाली, "युअर मॅनचं काय गं?"

आता मी काय पुन्हा फसणार? ऐटीत म्हटलं, "ग्रँड! आवाज जरा चिरकतो, पण वांगी आवडली त्याला."

नोरीनने कपाळाला हात लावला.

"अगं, तुझ्या नवऱ्याचं विचारतेय मी. येतोय का तो?"