पाड्यावरची संध्याकाळ

हरसूलच्या पुढे एका पाड्यावर आमची जीप थांबली आणि बघता बघता घरांची दारं बंद झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. मी तेव्हा नाशिकच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवत होते. पोलिओच्या मोहिमेची पाहणी करायला एका जागतिक संघटनेचा डॉक्टर आला होता, त्याला दुभाषी हवा होता. ती संघटना कशी उभी राहिली, तिची रचना काय, हे मी दरवर्षी वर्गात सांगायची. तिचा माणूस मात्र पहिल्यांदाच बघत होते. आणि खरं तर माझाही त्याच्यावर विश्वास नव्हता. इतक्या लांबून कोणी उगाच येत नाही.

डॉक्टर आफ्रिकेतल्या एका लहानशा देशाचा. सोबत तालुक्याचे आरोग्य अधिकारी आणि नर्सबाई.

एकच दार उघडं होतं. दारात एक तरुण बाई, मागे तिच्या लुगड्याला धरून दोन वर्षांची मुलगी. नर्सबाई माझ्या कानाशी म्हणाली, "हिचा मोठा मुलगा गेल्या पावसाळ्यात साप चावून गेला. दवाखान्यात इंजेक्शनच नव्हतं."

"ह्यो कोनाचा मानूस? सरकारचा?" बाईनं मला विचारलं.

"नाही. सगळ्या देशांनी मिळून एक संघटना काढलीय, तिचा."

"कशाला काढली?"

मी डॉक्टरला विचारलं. डॉक्टर ओट्यावर टेकला आणि बोलू लागला. मोठं महायुद्ध संपल्यावर देश एकत्र आले. रोगाला सरहद्द कळत नाही, म्हणून सगळ्यांनी एका करारावर सह्या केल्या. दरवर्षी सगळ्यांची सभा भरते. सभा काही देश निवडून एक मंडळ नेमते, त्याच्या हाताखाली कचेरी. "मी त्या कचेरीतला. माझा देश एवढासा, पण सभेत आमचं एक मत आणि अमेरिकेचंही एकच."

"न् पैसा कोन देतो?"

वर्गात मी हे एका वाक्यात उरकायची: सभासद देशांच्या वर्गणीतून. डॉक्टर जरा घुटमळला. "प्रत्येक देश ऐपतीप्रमाणे देतो. पण त्यात भागत नाही. जास्त पैसा येतो तो आपखुशीनं देणाऱ्यांकडून. आणि कशावर खर्च करायचा, ते बहुतेक वेळा तेच सांगतात."

"हे कशाला सांगताय?" अधिकारी मला हळूच, बाईला ऐकू जाणार नाही असं म्हणाले. "काहीतरी गोड बोला आणि थेंब पाजून मोकळे व्हा."

मी बाईला होतं तसं सांगितलं.

"मंग सापाच्या सुईला कोनी नाय देलं?"

मी तिचा प्रश्न डॉक्टरला सांगितला, मुलाचं झालेलंही सांगितलं. "फार थोडे देतात," तो म्हणाला. "पोलिओ विमानात बसून देणाऱ्यांच्या देशात जाऊ शकतो. साप जात नाही."

हे मी मराठीत सांगितलं. माझा संशय खरा निघाला होता आणि त्याचं मला जराही समाधान वाटलं नाही.

बाई म्हणाली, "पैलं त्यानं घ्यावं."

डॉक्टरनं तोंड उघडलं. नर्सबाईनं त्याच्या जिभेवर दोन थेंब टाकले. मग बाईनं मुलीला पुढे केलं, आणि थेंब तोंडात पडताच तिला उचलून घट्ट धरलं.

"आता कोनी जायाचं नाय. पोरीला काय झालं तर ह्यो समोर पायजे."

अधिकारी चिडले, त्यांना अजून तीन पाडे करायचे होते. डॉक्टर मात्र चपला काढून भिंतीला टेकला. "बरोबर आहे तिचं," तो म्हणाला.

आम्ही बसलो. बाईनं नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी आणून दिली, स्वतः मात्र आमच्यापासून लांब, मुलीजवळ बसली. मुलगी झोपली. बाई दर थोड्या वेळानं तिच्या कपाळाला हात लावून बघायची. आजूबाजूची दारं किलकिली झाली होती, तिथूनही सगळे बघत होते.

उन्हं डोंगराआड गेली तेव्हा मुलगी उठली, आणि उठल्या उठल्या भाकरीसाठी रडायला लागली. समोरच्या घरातली एक बाई कडेवर पोर घेऊन बाहेर आली. तिच्यामागून आणखी एक.

"जावा आता," त्या पोरांना थेंब पाजून झाल्यावर मुलीची आई मला म्हणाली. "पन पुढच्या टायमाला बी ह्यालाच पैलं पाजायचं."