आखूड ड्रेसला साडीचा फॉल

चहा घ्या, बिस्किट घ्या आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझा हा घोळ ऐकून लोक आधी हसतात, मग गप्प होतात, आणि मग माझ्याकडे असं बघतात की वाटतं, कशाला सांगितलं! पण आता विषय निघालाच आहे, तर ऐका.

गोष्ट एका ड्रेसची. हळदीच्या रंगाचा, त्यावर पांढरे ठिपके, छोटी गोल कॉलर, कमरेला पट्टा आणि खाली भरपूर घेर. जुन्या सिनेमातल्या नायिका घालून बागेत फिरायच्या ना, तसला. हल्ली त्याला व्हिंटेज म्हणतात. आपण 'आईच्या वेळचं' म्हटलं की पोरं नाकं मुरडतात, पण व्हिंटेज म्हटलं की चालतं.

गुरुवारी कामावरून घरी आले तर पलंगावर पाकीट. पाकिटावर माझं नाव. मी तर काहीच मागवलं नव्हतं! फोडलं, तर आत हा ड्रेस. आणि माझा वाढदिवस पाच दिवसांवर. आता सांगा, तुम्ही काय समजला असता?

"मंदार, हे तुझं काम का रे?"

"कसलं काम?" मंदार म्हणजे माझा नवरा. बांधकामाच्या साइटवर इंजिनियर आहे. त्याचा चेहरा इतका कोरा होता की पुढे विचारण्यात अर्थच नव्हता. गेल्या वाढदिवसाला त्याने मला एअर फ्रायर दिला होता, तोही त्याला फ्रेंच फ्राइज आवडतात म्हणून.

म्हणजे उरलं कोण? रेवा!

रेवा आमची मुलगी. पंधरा वर्षांची. इथे, अमिरातीतल्या अल ऐनमध्येच वाढली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, तेही मोजून-मापून. "जेवलीस का?" "लेटर." "पेपर कसा गेला?" "ओके." की झालं, खोलीचं दार बंद! आणि त्या मुलीने माझ्यासाठी ड्रेस मागवला? न सांगता? मी तो ड्रेस छातीशी धरून पलंगावर बसले आणि चक्क रडले हो.

मी इथल्या एका हॉस्पिटलात इन्शुरन्सचे क्लेम तपासते. दिवसभर लोकांचे कागद 'माहिती अपुरी' असा शेरा मारून परत पाठवते. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. थेट मंजूर!

रेवा तेव्हा घरी नव्हती. दोन दिवस नंदनाकडे राहायला गेली होती. नंदना तिची केजीपासूनची मैत्रीण, केरळची. तिच्या बाबांची इथली नोकरी संपली होती आणि पुढच्या आठवड्यात ते सगळे कायमचे गावी निघाले होते. इथे हे असंच असतं. व्हिसा संपला की दहा-बारा वर्षांचा संसार खोक्यांत भरायचा आणि यल्ला, चला. रेवा तिला सामान भरायला मदत करत होती.

शुक्रवारी तिचा फोन आला. "आई, ड्रेस आला?"

"आला गं, आला! कित्ती गोड आहे! तुला कसं सुचलं हे—"

"ओके, गुड. उद्या पाऊस बघायला जातोय ना आपण? मी नंदनाबरोबर डायरेक्ट येईन. ड्रेस विसरू नकोस. आणि प्लीज, त्याला काही करू नकोस. जसा आहे तसाच राहू दे."

"अगं, पण—"

"आई, प्लीज!" आणि फोन बंद.

तर शनिवारी पावसाचा अंदाज होता. इथे पाऊस म्हणजे सण. आदल्या दिवसापासून ऑफिसच्या ग्रुपवर ढगांचे फोटो फिरायला लागतात. आमच्या ओळखीच्या चार घरांनी जबल हफीत डोंगराच्या पायथ्याशी जमायचं ठरवलं होतं. भजी, थर्मासमधला चहा, सगळं तयार. आणि माझ्या मुलीची इच्छा काय, तर आईने त्या दिवशी हा ड्रेस घालून यावं!

मी घालून पाहिला.

मंदारने मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "टॉप चांगला आहे. खाली काय घालणार?"

चूक त्याची नव्हती. तो ड्रेस माझ्या मांडीच्या मध्यावर येऊन थांबत होता. बरं, पाठीची चेनही अर्ध्यावर अडकली. पण मुलीने एवढ्या हौसेने दिलेली वस्तू, लहान आहे म्हणून परत करायची? शक्यच नाही! आणि 'त्याला काही करू नकोस' हे मी विसरले नव्हते बरं का. मी मनात म्हटलं, मी त्यावर ओढणी वगैरे घेईन अशी तिला भीती वाटत असेल. कळणार नाही इतपत करू!

आधी बाजूच्या शिवणी उसवून आतलं होतं तेवढं कापड सोडलं. मग खाली काळ्या लेगिंग्ज चढवल्या. आरशात बघितलं, तर सर्कशीतून सुट्टीवर आलेली बाई! लांबी वाढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि तेव्हा मला ती कल्पना सुचली.

फॉल!

साडीचे फॉल हो! गावाला गेले की मी रंगारंगाचे फॉल आणून ठेवते. कपाट उघडलं, तर हळदीच्या रंगाचा फॉल, अगदी मॅचिंग. घेर मोठा, पण फॉल चांगला लांब. चुण्या घालत घालत बसवला. पाच इंच वाढले! इतका आनंद मला पगारवाढ झाल्यावर झाला नव्हता.

राहिली चेन. ती काही केल्या वर जाईना. शनिवारी सकाळी निघायची वेळ झाली, तेव्हा मी मंदारच्या हातात सुई दिली.

"काय करू?"

"टाके घाल. माझ्या पाठीवर, असेच."

"अंगावर शिवतात का कुणी कपडे?"

"मंदार, घट्ट शीव!"

त्याने शिवला. पुलाचं काम असल्यासारखा, दुहेरी दोऱ्याने, वर गाठी मारून. वरून लांब कार्डिगन, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. जरा फिरून बघितलं. खोटं कशाला बोलू, मला मी आवडले.

डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा आकाश काळंभोर झालं होतं. सगळे गाड्यांबाहेर उभे राहून वर बघत होते. मी ऐटीत उतरले. तेवढ्यात नंदनाच्या घरची गाडी आली, दार उघडलं आणि नंदना उतरली.

तिच्या अंगावर हाच ड्रेस!

हळदीचा रंग, पांढरे ठिपके, गोल कॉलर. तिला बरोबर गुडघ्यापर्यंत. जाहिरातीतून उचलून आणल्यासारखी दिसत होती.

आणि मी काय केलं असेल? "अय्या, सेम टू सेम!" असं ओरडत धावत गेले आणि तिला मिठी मारली. टाळ्यासुद्धा वाजवल्या हो मी!

मग तिच्या मागून रेवा उतरली. जुनी जीन्स, घरातला टी-शर्ट. तिने आधी माझ्या हाताकडे बघितलं, पिशवी आहे का म्हणून. मग माझ्याकडे. मग खाली त्या फॉलकडे.

"आई," ती म्हणाली, "दॅट्स माइन."

माझ्या मागे मंदारने कपाळावर हात मारून घेतला. "अरे हो! तिने विचारलं होतं मला. 'बाबा, आईच्या अकाउंटवरून ड्रेस मागवू का?' मी मीटिंगमध्ये होतो. हो म्हटलं आणि विसरलो."

नंदनाची आई, बिंदू, हळूच मला म्हणाली, "भाभी, केजी के पहले दिन दोनों का फ्रॉक सेम था. उसी से तो दोस्ती हुई. इसलिए लास्ट फोटो भी सेम ड्रेस में, बारिश में. दोनों ने कितने दिन से प्लान किया था."

मी गाडीकडे वळले. "रेवा, थांब, आत्ता काढून देते! गाडीत बदलते. दोन मिनिटं!"

गाडीत शिरले. काढणार कसा? मी शिवलेली होते! मंदारने टाके ओढून पाहिले, दातांनी तोडून पाहिले. साइटवरचा माणूस, त्याच्या गाडीत टेप होता, हेल्मेट होतं, दोन-दोन टॉर्च होते. कात्री नव्हती.

"एवढ्या गाठी कशाला मारल्यास रे?"

"तूच म्हणालीस घट्ट शीव!"

आणि टपावर टपटप सुरू झालं. पाऊस! बाहेर एकच आरडाओरडा, कुणी नाचतंय, कुणी मोबाईल वर धरून फिरतंय. इथला पाऊस म्हणजे आला आला म्हणेपर्यंत खलास. काचेवर टकटक झाली. रेवा होती.

"आई, लीव्ह इट. पाऊस थांबेल."

"अगं, तुटतील, तुटतील टाके—"

"आई." ती भिजत होती. तिचा आवाज मात्र एकदम शांत होता, आणि तोच मला सहन होईना. "तू ये. तू उभी राहा तिच्या बाजूला. ड्रेस मॅच होतोय. नंदनाला फोटो हवाय. परत पाऊस येईल तेव्हा ती इथे नसेल."

"मी? आणि तू?"

"मी काढते ना."

तर मी उभी राहिले. नंदनाने माझ्या दंडाला मिठी घातली. पाऊस जोरात आला. आता सांगायला नको, पण नवा फॉल लावण्याआधी पाण्यात भिजवून घ्यायचा असतो, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मी भिजवला नव्हता. तो आक्रसायला लागला, चुण्या वर वर चढायला लागल्या आणि रंग सुटून माझे पांढरे बूट हळदीला बसल्यासारखे पिवळे झाले. नंदनाने ते बघितलं आणि ती खळखळून हसली. मीही हसले. समोर रेवाने फोटो काढले. ती हसली की नाही, मला माहीत नाही. मोबाईल तिच्या तोंडासमोर होता.

पाऊस थांबला. भजी खाल्ली गेली. दोघी मैत्रिणी गाडीमागे जाऊन बराच वेळ गळ्यात गळे घालून उभ्या होत्या. तिकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

परत येताना मी म्हटलं, "सॉरी गं. मला वाटलं, तू माझ्यासाठी घेतलास. वाढदिवस आहे ना."

 मागच्या सीटवरून बारीक आवाजात, "मंगळवारी ना? आय फरगॉट, आई."

झालं! ड्रेस घालवला, फोटो घालवला, आणि वर पोरीलाच अपराधी वाटायला लावलं. त्या क्षणी मला गाडीतून उतरून चालत घरी जावंसं वाटलं. खरंच वाईट वाटतं हो. अजून वाटतं.

नंतर मी तोच ड्रेस परत मागवला, तिच्या मापाचा. तिने पाकीट बघितलं, उघडलं नाही.

"थँक्स. पण कोणाबरोबर घालू?"



परवा बिंदूने त्यांच्या नव्या घराचे फोटो पाठवले. बैठकीच्या भिंतीवर मोठी फ्रेम, फ्रेममध्ये पाऊस, डोंगर, नंदना आणि मी. मी रेवाला दाखवला. तिने दोन बोटांनी मोठा करून बघितला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाली, "आई, यू लुक रिअली नाइस."

आणि तीच तर पंचाईत आहे! लग्नातल्या अल्बमपासून आजवर माझा एक फोटो धड आलेला नाही. कुठे डोळे मिटलेले, कुठे तोंड उघडं. हा एवढा एकच सुंदर आलाय. आणि तोच मला माझ्या घरात लावता येत नाही.