बस्त्यांवची डीव्हीडी

चहा घ्या आणि ऐका. माझी फजिती मीच सांगितलेली बरी, कारण माझी बायको सुनंदा सांगायला बसली की इतकं तिखटमीठ लावते की मला स्वतःचीच दया येते.

मी निवृत्त मास्तर. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो चालू करायचा मान मला मिळाला. त्या एका बटणाच्या जोरावर गावाने मला जन्मभराचा तज्ज्ञ ठरवून टाकलं. मीही नाही म्हटलं नाही. कोण म्हणेल हो?

तर मागच्या महिन्यात शेजारच्या रोझाबाय एक डीव्हीडी घेऊन आल्या. ती चालवणारं यंत्र आता आमच्या वाडीत फक्त माझ्याकडे उरलंय. डीव्हीडीत त्यांच्या मुलाच्या लग्नातला रोस, म्हणजे आदल्या दिवशी नवऱ्याला नारळाचा रस लावतात तो समारंभ. आणि त्यात बस्त्यांव. रोझाबायांचा नवरा, माझा तीस वर्षांचा दोस्त. तीन वर्षांपूर्वी गेला. फोनचा त्याला कंटाळा, कुंपणावरून हाक मारायचा. त्यामुळे त्याचा आवाज शिल्लक होता तो एवढ्या एका तबकडीत.

"रविवारी तेच्या वर्साचो मिस आसा," रोझाबाय म्हणाल्या; म्हणजे चर्चमधली पुण्यतिथीची प्रार्थना. "धाकट्या नातीन आजोबाचो आवाज आयकूकच नाय. एकदा आयकवा तिका."

हरवायला नको म्हणून मी डीव्हीडी लगेच ड्राइव्हमध्ये सरकवली. तिथेच हात आवरायला हवा होता. पण पाहुण्यांसमोर कॉम्प्युटर अडला तर आपली अब्रू जाईल, म्हणून मी त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवली. शनिवारी सकाळी पडदा लख्ख उजळला आणि डीव्हीडी ड्राइव्ह गायब!

जवळच्या कट्टा गावच्या बाजारात मेघनाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझीच जुनी विद्यार्थिनी. तिला फोन लावला.

"सर, डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघा, ड्राइव्ह दिसते?"

"नाही गं. ही नवी सिस्टीमच भिकार."

"थांबा, काही काढू नका."

तोपर्यंत मी काढलं होतं. ड्राइव्हचं सॉफ्टवेअर समजून काय काढलं, तर आवाजाचं! आता कॉम्प्युटर मुकाही झाला. नेमक्या त्याच वेळी रोझाबाय दारात.

"काय झाला, मास्तरानू?"

"काही नाही. ड्राइव्ह जरा दिसत नाहीये. आणि आवाज गेलाय."

त्या खुर्चीत बसल्याच. "बस्त्यांवाचो आवाज गेलो?"

"त्याचा नाही हो, कॉम्प्युटरचा."

पण त्यांचं लक्ष कुठे होतं? पदराने डोळे पुसत त्या पडद्याकडे बघत राहिल्या. कुंपणापलीकडून येणारी ती हाक मीही तीन वर्षं ऐकली नव्हती, आणि ती पुन्हा ऐकायची होती हे मी कुणालाच बोललो नव्हतो.

दुपारपर्यंत मी आठ वेळा कॉम्प्युटर बंद-चालू केला. नवी सिस्टीम करणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. शेवटी मेघनाने फोनवर विचारलं, "सर, ड्राइव्हचं बटण दाबल्यावर दिवा लागतो?"

"नाही."

"मग सिस्टीमला का शिव्या देताय? त्या दिव्याला सिस्टीम लागत नाही, वीज लागते. वीज बंद करा आणि पेटी उघडा."

पेटी उघडली. आतून खोबरेल तेलाचा वास आला.

आता तुम्ही कोकणातले असाल तर समजाल. खारी हवा. पावसाळ्याआधी आम्ही बिजागऱ्या, कड्या, कुलपं, सायकलची साखळी, सगळ्याला तेलाचं बोट लावतो, नाहीतर गंज खातो. नवी सिस्टीम चढवायच्या आदल्या दिवशी मी तोच नेम कॉम्प्युटरला लावला होता. एकेक वायर काढून, टोकाला बोट फिरवून परत खोचली होती. एक सोडून. ती ड्राइव्हची वीज. तेलकट तोंड घेऊन ती कोपऱ्यात लोंबकळत होती.

"सर, तेल?" सगळं ऐकून मेघना एवढंच म्हणाली. मी फोन ठेवला.

वायर पुसून खोचली, चालू केलं. ड्राइव्ह आली. आवाज तर सिस्टीमने मघाच्या बंद-चालूतच आपोआप परत आणला होता, मलाच कळलं नव्हतं.

रविवारी मिस आटोपून सगळे आमच्या खोलीत दाटीवाटीने बसले. पडद्यावर बस्त्यांव उभा राहिला, हातात ग्लास, तोच घोगरा आवाज. धाकटी नात आईच्या मांडीवरून पुढे वाकली. रोझाबायांनी माझ्या सुनंदाचा हात धरला. बस्त्यांवने कॅमेऱ्याकडे बघत, तिथे शेजारीच उभ्या असलेल्या माझ्या खांद्यावर हात टाकला.

"ह्यो आमचो मास्तर. ह्याका पोटभर वाढा, पण खंयच्याच मशिनीक हात लावूक देव नकात. माझो पंप दुरुस्त करूक इलो, तेव्हापासून मी बावीतसून हातान पाणी काढतंय."

खोली हसून हसून लोळली. मीही हसलो, आणि मग डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. रोझाबाय तर एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या.

"परत एकदा लावा," त्या म्हणाल्या.

मी हात पुढे केला, तर त्यांनी माउस उचलून सुनंदासमोर ठेवला.