सत्तावीस इंची मॉनिटर

मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवरच्या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीखालच्या टेबलावर बसून मी वीस वर्षं मराठी टायपिंग केलं. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दूध संस्थांचे अहवाल, प्राध्यापकांचे प्रबंध. छापखानेवाले हस्तलिखित पाठवायचे आणि मी टाइप करून, पानं लावून त्यांना तयार फाइल द्यायचे. माझ्या पानात चूक सापडत नाही असं छापखान्यांत बोललं जायचं. ते माझ्या कानावर आलं की मी वरवर हसून सोडून द्यायचे, पण आतून मला त्याचा माज होता.

एका दुपारी कोडोलीचे एक आजोबा दारात आले. पांढरी टोपी, धुवट धोतर, हातात त्यांच्या नातीची लग्नपत्रिका. ती मीच केली होती. आत या म्हटलं तर आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच म्हणाले, "ताई, एक इचारतो. मी कवा मेलो?"

मला काही कळेना. त्यांनी पत्रिका पुढं केली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी वाचलं. नाव बरोबर होतं, आडनाव बरोबर होतं.

"नाव न्हवं, नावाच्या आदी बघा की."

मी पत्रिका जरा उजवीकडं सरकवली आणि मग ते दिसलं. 'श्री.' असायला हवं तिथं 'कै.' होतं. त्याच घरातली एक जुनी पत्रिका घेऊन मी नावं बदलली होती. जुन्या पत्रिकेत त्या जागी आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव होतं, ते वारलेले. मी नाव बदललं, पण ओळीच्या सुरुवातीचं ते एक अक्षर तसंच राहिलं. छापायच्या आधी मी ते पान तीन वेळा वाचलं होतं.

आजोबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "गावातली माणसं हासत्यात, त्येचं काय न्हाय. पर म्हातारीनं अंथरूण धरलंय. अपशकुन झाला म्हणती." मी माझ्या खर्चानं पत्रिका पुन्हा छापून दिल्या. पण निम्म्या तोवर वाटून झाल्या होत्या. त्या आजींना भेटायला जाईन म्हणत राहिले, पण जायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर चुकांची रांगच लागली. ओळीचा शेवटचा शब्द गळायचा. आकड्यांच्या तक्त्यात डावीकडचा एखादा रकाना तसाच कोरा राहायचा. छापखान्यातून फोन यायचे, आधी हसत, मग नुसते कामापुरते. मला वाटलं, मॉनिटरचा दोष आहे. अठरा इंची, बारा वर्षांचा जुना, कडेनं पिवळट पडलेला. त्याच्यावर अनुस्वार आणि धुळीचा कण यांतला फरक कळत नव्हता. मोठा मॉनिटर घेतला, अक्षरं मोठी दिसली, की सगळं पूर्वीसारखं होईल.

माझे मिस्टर एसटीत कंडक्टर, गडहिंग्लजच्या गाडीवर. ते म्हणाले, "आगं, आदी डोळं दाखवून ये की."

"चष्म्याचा नंबर गेल्याच वर्षी तपासलाय," मी म्हटलं. "दुकानात शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं मी. डोळ्यांना काही झालेलं नाही."

ते खरंच होतं. शेवटच्या ओळीपर्यंत मी घडाघडा वाचलं होतं. त्याच महिन्यात गल्लीतल्या बायकांच्या भिशीत माझा नंबर लागला. हातात दहा हजार आले. डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात जायचं की मॉनिटर घ्यायचा, हा प्रश्न माझ्या मनात क्षणभर आला होता. हे मी लपवत नाही. आला होता, आणि मी तो बाजूला सारला.

पेनड्राइव्हवर माझं स्वतःचं एक पान घेऊन मी दुकानं पालथी घातली. दुकानात मॉनिटरवर समुद्र, डोंगर, रंगीत पोपट असलं काहीतरी लावून ठेवलेलं असतं. पोपट सगळ्याच मॉनिटरवर छान दिसतो. मला 'घ' आणि 'ध' बघायचे होते, रफार बघायचा होता. राजारामपुरीतल्या पहिल्या दुकानात त्यांनी पेनड्राइव्ह लावूच दिला नाही, व्हायरस येतो म्हणून. दुसऱ्या दुकानात चोवीस इंची एक होता. अक्षरं धारदार, बघून जीव सुखावला. पण मला ती अजून मोठी हवी होती. तिथलाच सत्तावीस इंची, तसाच धारदार, माझ्या पैशांच्या दुप्पट किमतीचा. मी तो नुसता बघून घेतला.

शेवटी शाहूपुरीत एक दुकान सापडलं. मालक माझ्याच वयाचा, आवाज मोठा. माझं पान बघून त्यानं सरळ विचारलं, "ताई, गेम खेळायचाय का अक्षरं वाचायचीत?"

"अक्षरं."

"मग चोवीस घ्या की. सत्तावीस तुमच्या पैशात बसंल, पण अक्षर जरा फुटतंय बघा. कडा खरबरीत दिसत्यात."

त्यानं दोन्ही शेजारी शेजारी लावले. सत्तावीस इंचीवर अक्षरांच्या कडा खरोखरच करवतीसारख्या दिसत होत्या. पण केवढी मोठी अक्षरं! काउंटर आडवा होता, त्यामुळं मी मॉनिटरपासून सहा-सात फूट लांब उभी होते. तिथून अख्खं पान दिसत होतं, चारी कोपऱ्यांसकट. कितीतरी महिन्यांत मी अख्खं पान एका नजरेत बघितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मालकाला वाटलं, मी पैशांच्या काळजीत आहे. त्यानं माझा जुना मॉनिटर बदल्यात घ्यायचं कबूल केलं, माझ्या जुन्या कॉम्प्युटरला तो जोडायला लागणारा कनेक्टर फुकट दिला, आणि म्हणाला, "सत्तावीस म्हणताय तर सत्तावीस. मी आपलं सांगायचं काम केलं."

रिक्षातून मांडीवर खोकं घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टरांनी कामावर जायच्या आधी तो जोडून दिला आणि जुना दुकानात पोचवला. मी देवाला लावतात तसं कुंकवाचं बोट नव्या मॉनिटरच्या पायाला लावलं आणि कामाला बसले.

पहिल्या पाच मिनिटांतच मी खुर्ची मागं-पुढं सरकवायला लागले. माझं टेबल दोन फुटांचं. मॉनिटर तोंडासमोर भिंतीसारखा उभा. अक्षरं मोठी होती, पण ओळ कुठं सुरू होते ते सापडेना. एक शब्द दिसायचा, शेजारचा दिसायचा, पुढं मान वळवावी लागायची. मान वळवली की आधीची ओळ हरवायची. माउसचा बाण तर सापडायचाच नाही. मी माउस गोल गोल फिरवत बसायचे आणि बाण मॉनिटरवर कुठंतरी असायचा. दोन तासांत अर्धं पान झालं. छोट्या मॉनिटरवर एवढ्या वेळात सहा पानं व्हायची.

चार दिवस मी झगडले. मॉनिटर मागं सरकवला, टेबल पुढं ओढलं, अक्षरं बारीक केली, पुन्हा मोठी केली. मिस्टर विचारायचे, "कसा हाय?" मी म्हणायचे, "सवय होईल." पाचव्या दिवशी खोकं बांधलं आणि शाहूपुरी गाठली. रिक्षात मनातल्या मनात भांडणाची तयारी केली होती.

"हा खराब आहे," मी दुकानात शिरताच म्हटलं. "कडेचं काही दिसतच नाही."

मालकानं तो काढून लावला. सगळीकडून बघितला. "ताई, हाय की सगळं व्यवस्थित." मग मला काउंटरच्या आत बोलवलं, खुर्चीत मॉनिटरच्या अगदी समोर बसवलं. "इथं बसून मधोमध बघा. मान हलवू नका." मी बघितलं. "आता माझं बोट दिसतंय?"

"कुठलं बोट?"

तो जरा वेळानं म्हणाला, "आता?"

"नाही. तुम्ही कुठं बोट धरलंय?"

"आता?"

तेव्हा ते दिसलं. एकाएकी हवेतून आल्यासारखं, अगदी मॉनिटरच्या मध्याजवळ. त्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज एकदम खाली आला. "ताई, माझ्या वडलांचं असंच झालंतं. काचबिंदू. मॉनिटर मी परत घेतो, पैसं पुरं देतो. पण तुम्ही आजच डोळ्याच्या डॉक्टरकडं जावा. घरातलं कोण हाय का संगट?"

कोणी नव्हतं. मी एकटीच गेले.

दवाखान्यात आधी डोळ्यांतलं प्रेशर मोजलं. मग एका पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनसमोर हनुवटी टेकवायला लावली. हातात एक बटण दिलं. मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं, आजूबाजूला कुठं उजेड चमकला की बटण दाबायचं. मी वाट बघत बसले. आत टिकटिक ऐकू येत होती. उजेड काही दिसेना. मी तिथल्या बाईंना विचारलं, "मशीन चालू केलंय ना?"

"चालू आहे, काकू. समोर बघा."

कागद छापून आला. दोन गोल, एकेका डोळ्याचा; जिथं दिसत नाही तिथं काळं. डावा मधला ठिपका सोडून पूर्ण काळा. उजव्यात मधे एक पांढरा तुकडा, रुपयाच्या नाण्याएवढा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "चालताना धडकता का?" मला माझ्या नडग्यांवरचे काळेनिळे डाग आठवले. पलंग, स्टूल, मंडईतल्या हातगाड्या. मी समजत होते, वयानं धांदरटपणा आलाय.

"पण मला कुठं काळं दिसत नाही," मी म्हटलं. "अंधार दिसला असता तर मी आले असते."

"काळं दिसतच नाही," त्या म्हणाल्या. "जे दिसत नाही ते तिथं नाहीच, असं वाटतं. म्हणून लोक उशिरा येतात. नंबर तपासताना मधलीच नजर तपासली जाते, ती तुमची चांगली आहे. जेवढं गेलं ते परत येणार नाही. आहे ते टिकवायला थेंब घालायचे, आयुष्यभर."

"दोन वर्षं आधी आले असते तर?"

त्यांनी कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला. "आता आलात ना," म्हणाल्या. म्हणजे काय ते मला कळलं.

घरी येऊन मिस्टरांना सांगितलं. ते गणवेशातच जमिनीवर बसले आणि खूप वेळ उठलेच नाहीत. मी तुला म्हणलो होतो, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी निदान भांडले असते.

मला आता नजरेच्या त्या मधल्या तुकड्यात मावेल असा छोटा मॉनिटर हवा होता, आणि माझा छोटा विकला गेला होता. शाहूपुरीच्या मालकानं बंद पडलेल्या एका ऑफिसातला चौकोनी, पंधरा इंची आणून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. त्यावर मी सात-आठ महिने काम केलं. सुट्टीच्या दिवशी मिस्टर माझं पान तपासायचे. तिकिटांशिवाय आयुष्यात फार काही न वाचलेला माणूस, शब्दावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचा. एका पानात त्यांना चार चुका सापडल्या. त्यांनी त्या हळूच सांगितल्या, जणू चूक त्यांचीच होती. दर वेळी चार, कधी सहा. त्या उन्हाळ्यात मी तिन्ही छापखान्यांना फोन करून काम बंद केल्याचं कळवलं. तिघांपैकी एकानंच कारण विचारलं.

थेंब चालू आहेत. सहा महिन्यांनी तपासणी होते. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी कागद मला दाखवला नाही आणि मीही मागितला नाही.

गेल्या महिन्यात एक शिक्षिका दारात आल्या. वडिलांनी लिहिलेल्या आठवणींची जाड वही घेऊन. वडील वारले होते. बाईंना त्या आठवणींचं घरगुती पुस्तक करायचं होतं. त्यांनी वही माझ्या हातात दिली. निळी शाई, सरळ ओळी, कुठं खाडाखोड नाही. असं अक्षर टाइप करताना हात आपोआप चालतो.

"तुमच्याबद्दल ऐकलंय," त्या म्हणाल्या. "यात चूक झालेली मला चालणार नाही. म्हणून तुमच्याकडंच आलेय."

मी वही मिटून परत दिली. "मला वेळ नाही," म्हटलं.

"घाई नाही हो. वर्ष लागलं तरी चालेल."

"नाही जमणार."

त्यांना राग आला असावा. चेहरा नीट दिसला नाही. वही पिशवीत घालून त्या जिना उतरून गेल्या आणि मी कठडा चाचपत आत आले.